शुद्धिपत्रांचं पाकीट

लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दर दुसऱ्या रविवारी संपादक जमत. दिल्ली आणि आसपासच्या शहरांतून निघणाऱ्या अभ्यासपत्रिकांच्या संपादकांची ती संघटना. नाव लांबलचक, सभासद दहा-बारा. माझे यजमान समाजशास्त्राचं हिंदी त्रैमासिक काढत. कॉलेजात शिकवून उरलेला सगळा वेळ त्यात जाई.

संघटनेत एक नियम कडक होता. आपल्या अंकाची शेवटची प्रुफं आपण वाचायची नाहीत, दुसऱ्याला द्यायची. आपली चूक आपल्याला दिसत नाही. ह्यांची प्रुफं वनस्पतिशास्त्राचे एक नागपूरकडचे प्राध्यापक वाचत.

"वहिनी, ह्याला स्वल्पविराम फुकट मिळतात का हो?" असं विचारतच ते दारात चपला काढत.

"आणि तुला एकही परवडत नाही," हे आतून ओरडत.

पुढे नोएडा, गुडगाव वाढू लागलं आणि सभासद पांगले. प्राध्यापकांनीही यमुनेपलीकडे फ्लॅट घेतला. तरी दोन बस बदलून ते यायचे.

हे अचानक गेले तेव्हा अंकाची प्रुफं प्राध्यापकांकडे होती. तेरा दिवस माणसं येत-जात होती आणि माझ्या मनात एकच होतं: निदान हा अंक निघावा. कुणाला सांगायची लाज वाटत होती. अशा वेळी हे काय सुचतं, असं वाटलं असतं.

मग सभेचा रविवार आला. मी कुणाची वाट पाहत नव्हते, पण दहाला बेल वाजली. सात जण होते.

"भाभीजी, चाय आज हम बनाएँगे," म्हणत एक जण सरळ स्वयंपाकघरात गेले. बाकीचे सतरंजीवर बसून प्रुफांची पानं वाटून घेऊ लागले. मी मंत्रालयाच्या ग्रंथालयात काम करते म्हणून संदर्भसूची माझ्यापुढे आली. प्राध्यापकांनी श्रद्धांजलीचं पान लिहिलं. अर्धं मोठ्यानं वाचून त्यांनी कागद शेजारी दिला. पुढचं दुसऱ्या कुणी वाचलं. किती दिवसांनी त्या दिवशी मी नीट जेवले.

महिन्याभरात अंक आला. तळटीपेतला चुकलेला पृष्ठक्रमांकसुद्धा दुरुस्त झाला होता. श्रद्धांजलीचं पान मात्र नव्हतं. ते मुनिरकातल्या, अंक जुळवणाऱ्या कम्प्युटरवाल्याकडे दुसऱ्यानं दिलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं होतं. आणि आतल्या पानावर संपादक म्हणून ह्यांचंच नाव, खाली आमचा पत्ता. नेहमीसारखं.

दोन दिवसांनी प्राध्यापक एकटेच आले. हातात जाडसर पाकीट.

"शुद्धिपत्रं छापून आणलीत, वहिनी. सगळे बसून चिकटवू." मान वर होत नव्हती त्यांची.

मी एक चिठ्ठी काढली. 'संपादकांच्या नावाआधी दिवंगत हा शब्द वाचावा.'

मला हसू आलं. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. प्राध्यापक आधी घाबरले, मग तेही हसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"नका चिकटवू," मी म्हटलं. "हा अंक ह्यांनीच केलाय. ते पान पुढच्या अंकात घेऊ."

"पुढच्या? तो कोण काढणार?"

"मी बघते. प्रुफं तेवढी तुम्ही वाचा."

त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "कधी पाठवता?"