ठमाबाई नक्की कुणाशी हरल्या?

फोनवर सांगून मोकळी झाले असते, पण जीभ रेटेना. शिवाजीनगरहून जुन्नरची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. नारायणगावपर्यंत रस्ता झकास, पुढे हाडं खिळखिळी. जुन्नरला मासवडी-भाकरी खाऊनच घ्या, मढच्या गाडीची वाट पाहावी लागते.

ठमाबाई मढच्या, भातशेती करणाऱ्या. आमच्या सिनेमात मुख्य काम त्यांचं. मी त्याची संकलक. सिनेमा अमेरिकेच्या मोठ्या पुरस्काराला जाणार, अशी आवई आमच्याच दिग्दर्शकानं उठवली होती. गेला नाही. गावानं मात्र यात्रेत ठमाबाईंचा सत्कार ठरवून टाकलेला.

त्या देवळाच्या ओट्यावरून कुस्त्या बघत होत्या. शेजारी बसून एकदाचं सांगितलं.

"पडला व्हय? कोनाच्या शिनेमानं पाडला?"

"तिथं बाहेरच्या देशांचं बक्षीसच वेगळं असतं. प्रत्येक देशानं एकच सिनेमा पाठवायचा. आपल्याकडून दुसरा गेला."

"मंग त्या लोकांनी आपला बघितलाच न्हाई?"

"नाही."

फ्रान्समध्येही परदेशी सिनेमाचं ताट वेगळंच, आणि आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तर त्याला पाटही मांडत नाहीत, असं काहीबाही मी बोलत सुटले. ठमाबाईंचं लक्ष आखाड्याकडे होतं. तिथं परगावच्या पैलवानानं हात वर करून फेरी मारायची. कुणी पुढे होऊन त्या हाताला हात लावला की जोड ठरली. शेवटच्या कुस्तीत नगरकडच्या पाहुण्यानं ठमाबाईंच्याच मुलाला चितपट केलं. गावानं पाहुण्याला खांद्यावर घेतलं.

"पोरगा पडला, पन हात लावून पडला," ठमाबाई म्हणाल्या. "आमाला तर आखाड्यात उतरूच दिलं न्हाई, ताई."

मला संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

सत्काराला नाव पुकारलं. शालीला त्यांनी हात लावला नाही. नारळ तेवढा घेतला आणि आणून माझ्या पिशवीत कोंबला.

"हा नेम ज्यांनी केला त्यांना द्या. म्हनावं, जोड न लावता निकाल लावला, त्याचा मान घ्या."

मढला जरूर जा. डोंगर आहेत, धरणाचं पाणी आहे, माणसं लई चांगली आहेत. मला मात्र त्यातलं काही आठवत नाही. नारळ अजून माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर आहे.

काल दिग्दर्शकाचा फोन आला. आणखी एका देशात परदेशी सिनेमांसाठी वेगळं बक्षीस आहे म्हणे. ठमाबाईंचा नवा फोटो हवाय.

म्हटलं, "ये घरी. आधी अमेरिकेला एक नारळ पोचवायचाय."