रतिलाल सरांचा तिरपा भोवरा

प्रयोग बिघडला की रतिलाल सरांचा चेहरा का फुलत असे? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहीत आहे.

मी शिकवतो त्या महाविद्यालयात सर भौतिकशास्त्र शिकवत आणि रोज प्रकाशा या गावाहून मोटारसायकलने येत. वर्गात ते प्रमाण मराठी बोलत. मात्र आनंद झाला की थेट अहिराणीत उतरत. त्यांचा विषय होता स्कर्मिऑन. अतिपातळ चुंबकीय थरात सगळे सूक्ष्म चुंबक वर तोंड करून असतात. एखाद्या जागी मधला खाली वळतो, भोवतीचे क्रमाने कलतात आणि एक गोल भोवरा, म्हणजेच स्कर्मिऑन, तयार होतो. चुंबक जागा सोडत नाहीत, भोवरा तेवढा सरकतो. त्याला हवा तिकडे नेता आले, तर त्यात माहिती साठवता येईल.

असे थर चढवणारे यंत्र सरांना हवे होते. अनुदान देणाऱ्या समितीला विषय पटला तरच ते मिळणार होते. म्हणून सरांनी मैदानात सात-सात विद्यार्थ्यांच्या सात ओळी उभ्या केल्या. सगळ्यांचे हात वर. मागून दुसऱ्या ओळीत मधोमध सविता, हात खाली सोडून. तिच्या भोवतीच्या आठ जणांचे हात आडवे. सूचनापत्र मी लिहिले होते : 'शिट्टी वाजताच आपल्या मागच्याची स्थिती घ्यावी. मागे कोणी नसल्यास हात वर ठेवावेत.'

"सर, मांगे कसं देखानं?" सविताने विचारले. "डोया तं पुढे शेतस!"

डोळे पुढे असताना मागे कसे पाहायचे, हे सूचनापत्रात नव्हते. शिट्टी वाजली. सगळ्यांनी डाव्या खांद्यावरून मागे पाहिले आणि डावीकडे तिरपा मागे जो दिसला त्याची नक्कल केली. भोवरा पुढे जाता जाता उजवीकडे कलंडला. तिसऱ्या शिट्टीला तो कडेला पोचला. पाचवीला मैदानात नुसते वर केलेले हात उरले.

"सर," मैदानाच्या उजव्या कडेला चहा घेत बसलेले समितीचे अध्यक्ष म्हणाले, "तुमचा भोवरा आमच्या चहात पडला की काय?"

यंत्र गेले, असे मी मनाशी म्हटले. सरांनी मात्र टाळी वाजवली आणि ते माझ्याकडे वळले. "बिघडना! बराबर बिघडना! मास्तर, खरा बी असाच तिरपा जास!"

मग त्यांनी समितीला समजावले : प्रयोग अगदी बरोबर बिघडला आहे, कारण खऱ्या भोवऱ्याला सरळ ढकलले तरी तो आडवाही सरकतो. त्यावर उपाय म्हणजे असे दोन थर एकावर एक बसवणे, की एकाची उजवी ओढ दुसऱ्याची डावी ओढ खोडून काढील. "आते एक शिट्टीले डावा खांदा, दुसरीले उजवा. आन् साहेब, तुम्ही सविताच्या सरळ रेषेत, सगळ्यांच्या पुढे उभे ऱ्हा. हात वर!"

अध्यक्षसाहेब उभे राहिले. भोवरा नागमोडी, पण नेमका पुढे आला. पाचव्या शिट्टीला साहेबांचे हात आडवे झाले, सहावीला खाली. त्यांचा चेहरा बक्षीस मिळालेल्या मुलासारखा झाला होता.

यंत्र मिळाले. माझे उत्तर असे : प्रयोग बिघडला की सरांना वाटे, निसर्गाने आपल्या सूचनापत्रातली चूक दाखवली.

वाचकांनी माझ्यावर विश्वास ठेवू नये. एकोणपन्नास माणसे आणि एक शिट्टी घेऊन स्वतः पडताळून पाहावे. अध्यक्ष मात्र आपले आपण शोधावेत.