उत्तर बरोबर, उच्चार चूक

"लोनार," मी म्हणाले.

घंटी मीच आधी वाजवली होती. उल्का पडून झालेलं खाऱ्या पाण्याचं सरोवर महाराष्ट्रात कुठे आहे, असा प्रश्न होता. मला येत होतं. मी नववीत होते. नव्वद साल नुकतंच सरलं होतं. रोह्यातल्या एका शाळेचा हॉल माणसांनी भरला होता.

प्रश्न विचारायला वकीलसाहेब होते. खोतांच्या घरातले. पेणच्या खाडीकाठी, खारपाटातल्या खाऱ्या जमिनीवर आमचं गाव, तिथली जमीन एके काळी यांच्या घराण्याची. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"काय म्हणालीस?"

"लोनार."

"माइकजवळ ये. सगळ्यांना ऐकू दे."

मला वाटलं, आवाज लहान आला असेल. मी माइकला तोंड लावून मोठ्याने म्हणाले, "लोनार!"

अख्खा हॉल हसला. माझ्याच संघातली मुलगीसुद्धा. मला कळेना काय झालं. मी पण थोडी हसले. ते हसू आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

वकीलसाहेब गोड आवाजात म्हणाले, "बाळ, ण. बाणाचा ण. तुमच्या खारपाटात ण उगवत नाही वाटतं?" मग गुण लिहिणाऱ्या बाईंकडे वळून म्हणाले, "उत्तर बरोबर, उच्चार चूक. दहापैकी पाच."

त्या पाच गुणांनी आमची शाळा मागे पडली.

शेवटच्या रांगेत माझा बाबा बसला होता. मिठागरातला एक दिवस बुडवून आला होता. धुतलेला सदरा, पायांना मिठाने पडलेल्या भेगा. कार्यक्रम संपल्यावर वकीलसाहेब दारातून जाताना बाबा उठून उभा राहिला.

"तुझी का रे ही पोरगी? हुशार आहे. शिकव तिला. पण आधी जीभ धू म्हणावं."

बाबाने हात जोडले. "व्हय साहेब."

एसटीत बाबा माझ्या शेजारी बसला. नागोठणं मागे पडलं तेव्हा त्याने हळूच विचारलं, "काय चुकला गो तुझा? मना तं बरोबर ऐकू आला."

मी खिडकीकडे तोंड केलं. मला वकीलसाहेबांचा राग आला नव्हता. मला बाबाचा राग आला होता. त्याच्या तोंडून ही भाषा माझ्या तोंडात आली म्हणून. हे आज लिहिताना हात थांबतो. पण खरं तेच आहे.

त्यानंतर मी जीभ धुतली.

पेणच्या शाळेतल्या मराठीच्या बाई मला शाळा भरायच्या अर्धा तास आधी बोलवायच्या. पाणी, लोणी, डोळा, पोळी, बाण. मी मिठागराच्या बांधावर चालत शब्द घोकायची. आई टोपली डोक्यावर घेऊन पुढे असायची. "काय पुटपुटतस गो?" ती विचारायची. मी म्हणायची, "अभ्यास." सहा महिन्यांत ण आला, ळ आला. आणि घरात माझं बोलणं कमी झालं. आईने हाक मारली की मी पुस्तकातल्यासारखं उत्तर द्यायची. ती गोंधळून बघायची.

पुढच्या वर्षी अशाच स्पर्धेत तालुक्यात पहिली आले. मग जिल्ह्यात. कप ठेवायला घरात फळी नव्हती, आईने ते भाताच्या कणगीवर मांडले. शेजारणी बघायला यायच्या. बाबा मात्र परत कधी स्पर्धेला आला नाही. मी बोलवलंही नाही.

कॉलेजात गेले तेव्हा गावोगाव केबल आली होती. रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावातल्या एका केबलवाल्या शेठने आपल्या वाहिनीवर दर रविवारी प्रश्नमंजूषा सुरू केली. दुकानाच्या माळ्यावर पडदा लावायचा, लग्नाचं शूटिंग करणारा कॅमेरा घेऊन यायचा, पन्नासेक माणसं खुर्च्यांवर. प्रश्न विचारायला तेच वकीलसाहेब. मी सलग आठ रविवार जिंकले. रोह्याच्या बाजारात लोक ओळखायला लागले. "केबलवरची ती."

मग वकीलसाहेबांचं वय झालं. त्यांनीच आपल्या जागी शेठला माझं नाव सुचवलं. माझ्यासमोरच म्हणाले, "आता हिचं बोलणं ऐका. कुणाला कळणार नाही, कुठली आहे ते."

मी ती शाबासकी समजले. त्यांच्या पाया पडले.

शेठने दोनच गोष्टी सांगितल्या. "आडनाव नको लावू, नुसतं नाव सांग. आणि गावाचं नाव कशाला? पेणची म्हण. बरं दिसतं."

मी बरं म्हणाले. मला त्यात काही खुपलं नाही. माइक हातात आला होता. दर रविवारी इस्त्रीची साडी नेसून मी नमस्कार करायची, आणि माझ्या आडनावाच्या जागी नुसता श्वास घ्यायची.

एकदा शेठ आणि कॅमेरावाला आमच्या घरी आले. विजेत्यांच्या घरांचं चित्रीकरण होतं. बाबा मागच्या दाराने निघून गेला, बांधावर जाऊन बसला. ते गेल्यावर मी विचारलं, का गेलास? तो म्हणाला, "मी बोललू असतू तं तुझा नाव खराब झाला असता."

मी त्याला नाही म्हणाले नाही. तेव्हा एक शब्द बोलले असते तरी चाललं असतं. नाही बोलले.

पावसाळा संपल्यावर एका रविवारी कुंडलिकेच्या खाडीकडच्या शाळेतली एक मुलगी स्पर्धेला आली. आठवीतली. घट्ट तेल लावलेल्या दोन वेण्या. पहिल्या तीन प्रश्नांना तिने पटापट उत्तरं दिली. चौथा प्रश्न होता, मोतीबिंदू कोणत्या अवयवाला होतो.

"डोला!" ती म्हणाली.

"डोळा," मी म्हणाले. "नीट म्हण."

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली.

"म्हण की. डो-ळा."

"डोला."

लोक हसले. मी पुढचा प्रश्न विचारला. तिने घंटीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. त्यानंतर सहा प्रश्न झाले. त्यातले निदान चार तिला येत होते, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिने हात उचलला नाही.

मला त्या दिवशी काहीही वाटलं नाही. मी घरी आले, जेवले, झोपले.

तो भाग केबलवर लागला तेव्हा मी गावात होते. सरपंचांच्या ओटीवर टीव्ही. आई, बाबा, पंधरा-वीस माणसं. तो प्रश्न आला. "डोला" ऐकून ओटीवर कुणीच हसलं नाही. का हसतील? डोळ्याला सगळे डोलाच म्हणत होते. पडद्यावरची माणसं हसली तेव्हा ओटीवरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

बाबाने माझ्याकडे वळून विचारलं, "त्या पोरीचा उत्तर बरोबर व्हता ना?"

"हो."

"मग तू का हसलीस?"

"मी नाही हसले."

"हसलीस. बघ."

मी बघितलं. पडद्यावर मी हसत होते. मोठ्याने नाही. ओठ मिटून, मान तिरकी करून. आपलं कोण, परकं कोण, हे ठरवून झाल्यावर माणसं हसतात तसं. ती बाई मी होते.

आई म्हणाली, "जाऊ दे, पोर दमली असंल." बाबा उठून घरी गेला. मी तिथेच बसून राहिले. मला रडायचं होतं, पण ज्यांच्यासमोर रडायचं त्यांच्यावरच तर मी हसले होते.

पुढच्या रविवारी कॅमेरा सुरू झाला. मी नमस्कार केला. नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. गाव सांगितलं. बाप मिठागरात मीठ ओढतो, हे सांगितलं. मग म्हणाले, "मागच्या भागात एका मुलीचं उत्तर बरोबर होतं आणि मी तिचा अपमान केला. आजपासून या कार्यक्रमात कुणाच्याही बोलण्यावर हसायचं नाही. मीही नाही, तुम्हीही नाही."

शेठने कॅमेरा बंद करायला लावला. "हे काय चालवलंय? पुन्हा घे. नेहमीसारखं बोल."

"हेच राहील."

"अगं, हसतात म्हणून तर बघतात लोक. आणि खारपाटातले काय जाहिराती देणार आहेत मला? तुला कुठून कुठे आणलं आम्ही."

"तेच," मी म्हणाले. "कुठून आणलं ते सांगायचं नाही, ही तुमची अट. ती मला मान्य नाही."

माइक खुर्चीवर ठेवला आणि जिना उतरले. अष्टमीच्या पुलावर येऊन कठडा धरून उभी राहिले. बरं वाटत नव्हतं. मोकळंही वाटत नव्हतं.

चार दिवसांनी पत्ता काढून त्या मुलीच्या गावी गेले. तिची आई दारात जाळं नीट करत होती. मुलगी मला बघून आत गेली ती बाहेर आली नाही.

मला तिच्या आईशी माझ्या भाषेत बोलायचं होतं. मी बोलायला लागले. "माझा चुकला, मावशी. पोरीला सांग..." पण ते शब्द माझ्या तोंडात वेडेवाकडे पडत होते. मी सहा महिन्यांत जे धुतलं होतं ते परत येत नव्हतं.

ती बाई शांतपणे म्हणाली, "बाय, आमच्यासारखा बोलू नको. चिडवल्यागत वाटता."

"मुलगी शाळेत जाते ना?" मी विचारलं.

"जाते. पन हात वर नाय करत."

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. शेठने मध्ये माणूस पाठवला होता. आडनाव लाव हवं तर, म्हणाला, सत्कारही करू. मी नाही म्हणून सांगितलं. पेणच्या एका शाळेत शिकवते. शनिवारी दुपारी खाडीकाठच्या शाळांमध्ये जाऊन मुलांना प्रश्न विचारते. त्या मुलीच्याही शाळेत जाते. ती मागच्या बाकावर बसते, माझ्याकडे बघत नाही. अजून तिने एकही उत्तर दिलेलं नाही. कदाचित कधीच देणार नाही.

तिने मला माफ करावं म्हणून मी जात नाही. ती माफी मागायचा हक्कही मला नाही. मी जाते, कारण ती शाळा सोडेपर्यंत दर शनिवारी तिला कुणीतरी प्रश्न विचारला पाहिजे, आणि उत्तरासाठी थांबलं पाहिजे. आणि यापुढे रोह्यात, पेणमध्ये, कुठल्याही मंचावर आमच्या पोरांच्या बोलण्याला कुणी हसलं, तर तो वकील असो, शेठ असो, नाहीतर माझ्यासारखी आपल्यातलीच कुणी असो, मी उठून उभी राहीन आणि तो कार्यक्रम तिथेच बंद पाडीन.