लेकशोर फोरचा खर्जातला आवाज

अमेरिकेतल्या गॅरी शहरात पोलाद कारखान्यात भट्टीपुढे राबणारा अल्व्हेस्टर प्रुइट रविवारी चर्चमध्ये खर्जात गायला लागला, की बाकं थरथरायची. तिथंच होझियानं त्याला हेरलं. होझिया मुख्य गायक, जोडीला रॉस्को आणि कोवळ्या गळ्याचा लेमन. चौघांचा मिळून ‘लेकशोर फोर’ हा गाण्याचा गट झाला.

होझियाचा गळा मधाळ, हात मात्र जड. सूर घसरला की थोबाडीत. एकदा तालमीत त्यानं रॉस्कोच्या डोक्यात खुर्ची घातली. अल्व्हेस्टरचं नाकही त्यानंच फोडलं.

“एवढा धिप्पाड गडी तू, आणि त्या काडीसारख्या होझियाचा मार खाऊन येतोस?” बायको ओडेसा भडकायची.

“त्याच्यामुळंच रेडिओवर वाजतोय ना आम्ही,” तो म्हणायचा.

चौसष्ट साली ते दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले. मिसिसिपीत एका पेट्रोल पंपावर लेमन घाईघाईत काळ्यांना मनाई असलेल्या, गोऱ्यांच्या संडासात शिरला. बाहेर आला, तर समोर तीन गोरे, हातांत लोखंडी सळया. पहिला फटका खांद्यावर बसला. अल्व्हेस्टर मधे पडला. एकाचा हात त्यानं पिरगाळून मोडला, स्वतःच्या बरगड्या मोडून घेतल्या. होझियानं लेमनला फरफटत गाडीत कोंबलं आणि रॉस्कोनं गाडी पळवली.

तशाच अवस्थेत मेम्फिसला संध्याकाळी गायचं होतं. लेमनचा वरचा सूर फाटला. लोक हसले. स्टेजमागं येताच होझियानं त्याच्या सुजलेल्या खांद्यावरच लाथ घातली.

“तुझ्या मुतण्यापायी माझं गाणं मेलं, कुत्र्या!”

“होझिया, बस झालं,” अल्व्हेस्टर म्हणाला.

“भट्टीवरचा बैल तू! तू मला शिकवणार?” म्हणत होझियानं पुन्हा पाय उचलला.

अल्व्हेस्टरनं एकच ठोसा हाणला. होझिया आडवा झाला. शिवी द्यायला त्यानं तोंड उघडलं, तर रक्त आणि दात बाहेर आले.

तारांनी बांधलेला होझियाचा जबडा सांधला, पण पुरता उघडेना; त्याचं गाणं संपलं. दुसरा गायक आणून पाहिला, पण लोक होझियालाच मागत. गट फुटला आणि अल्व्हेस्टर कारखान्यात परतला.

पुढं होझिया गावातच बस चालवू लागला. एका सकाळी अल्व्हेस्टर नकळत त्याच्याच बसमध्ये चढला. होझियानं इंजिन बंद केलं.

“उतर,” तो वाकड्या तोंडानं म्हणाला.

अल्व्हेस्टर उतरला आणि कारखान्यापर्यंत चालत गेला. घरी आल्यावर त्यानं ओडेसाला सगळं सांगितलं.

“मग काय, लेमनला मरू द्यायचं होतं?” तिनं विचारलं.

“नाही गं.” तो बुटाची नाडी सोडायला वाकला. “पण होझियासारखा गळा पुन्हा कुठून आणायचा?”