नास्तिकाचा उजवा हात

कॉव्हेंट्रीच्या अवधूत राजाध्यक्षांचा देवाधर्माशी उभा दावा. बायकोने, मधुमतीबाईंनी, घरी सत्यनारायण घातला की हे वरच्या खोलीत क्रिकेट लावून बसत. शिऱ्याची वाटी पुढे आली तर म्हणत, "नको, माझी शुगर वाढते. शिवाय मी बुद्धिवादी माणूस!"

त्यांचा ऑफिसमधला जुना मित्र कॉलिन रिटायर होऊन बायकोबरोबर, मार्गारेटबरोबर, श्रॉपशरच्या एका खेड्यात राहायला गेला होता. दोघं पक्के चर्चवाले. वीकेंडला राजाध्यक्ष जोडपं त्यांच्याकडे मुक्कामाला गेलं, आणि रविवारी यजमानांचं मन मोडवेना म्हणून अवधूतरावही टाय लावून चर्चमध्ये हजर झाले.

प्रार्थना संपली आणि रांग लागली. "तुम्ही ख्रिस्ती नाही, तेव्हा हात छातीशी धरा, नुसता आशीर्वाद घ्या," असं मार्गारेटने समजावलं होतं. पण व्हिकरबाई, म्हणजे तिथल्या धर्मगुरू, काहीतरी वाटताहेत हे दिसताच अवधूतरावांचा उजवा हात डाव्यावर टेकून आपोआप पुढे झाला. हातावर पडलेली पातळ चकती त्यांनी तोंडात टाकली आणि तोच हात डोक्यावरून थेट मानेपर्यंत फिरवला.

मागे कॉलिन होता. पाहुण्याला ओशाळं वाटू नये म्हणून त्या सज्जन इंग्रजाने आपल्या टकलावरून हात फिरवला. मग मार्गारेटने. मग अख्ख्या रांगेने.

परतताना कारमध्ये मधुमतीबाई फणकारल्या, "अहो, माझ्या प्रसादाला कधी असा डोक्यावरून हात फिरवलात?"

"अगं, शिऱ्यात साखर असते," बुद्धिवादी अवधूतराव म्हणाले. "ह्यात अजिबात नव्हती."