करवंटीतलं पीस

साठ-बासष्ट साल असावं. शनिवारी कट्टा गावी जाणाऱ्या गाडीची वाट बघताना मालवण बंदरावर एक म्हातारा मला नेहमी दिसायचा. तो गळाला कोंबड्याचं पीस बांधायचा. पीस ओठांनी ओलं करायचा, रेशमी दोऱ्याने आवळायचा आणि करवंटीतल्या पाण्यात सोडायचा. ते किड्यासारखं हललं, तरच तो गळ विकायला ठेवायचा.

एकदा मी विचारलं, "तुम्ही स्वतः मासे गरवायला जात नाही?"

"झील दर्यात गेलो, मास्तर, तो गावाक नाय. तेवापासून आमच्या घरात मासो शिजाक नाय."

त्याचा मुलगा समुद्रात गेला, तो सापडलाच नव्हता. "मग हे गळ?"

"लोकांच्या चुली पेटाक होयेत."

त्याने नवा गळ करवंटीत सोडला. पीस उलगडलं, हलू लागलं. ते स्थिर होईपर्यंत त्याने मान वर केली नाही.