ठकीचं बाळंतपण

कल्याणच्या पारनाक्याकडच्या गल्ल्यांमध्ये त्या काळी जन्मलेलं निम्मं माणूस रखमाबाईच्या हातांवरून जगात आलेलं होतं, आणि ही गोष्ट रखमाबाई कुणाला विसरू देत नसे. रेल्वेच्या नोकरीतले मिशीवाले बाप्ये रस्त्यात भेटले, की ती खुशाल म्हणे, "तू उलटा आलेलास हो, फार दमवलंस आईला." बाप्ये निमूट बाजूला होत.

तिची शिस्त कडक. बाळंतीण खोलीत गेली की दार बंद, खिडकी बंद, बाजेखाली शेगडी. पाणी म्हणजे उकळलेलं, आणि तेही ओठ ओले करण्यापुरतं. पालेभाजीचं नाव काढायचं नाही. हे सगळं तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. ते कुणी ठरवलं, असं विचारण्याची छाती गल्लीत कुणाची नव्हती. रखमाबाईचीही नव्हती.

चैत्रातल्या एका सकाळी ती बाजारातून परतली, तोच स्टेशनातल्या तारमास्तर प्रभाकरपंतांचा निरोप आला, ताबडतोब या. पंतांची बायको विमलाबाई पहिलटकरीण, सातवा महिना, माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच व्हायचं होतं. बाई धापा टाकत पोचली तर विमलाबाई धडधाकट उभी, आणि माजघरात एका खोक्यापाशी पंत डोक्याला हात लावून बसलेले.

"बाळंत कोण झालं?" रखमाबाईनं विचारलं.

"ठकी," विमलाबाई म्हणाली.

विलायतेला परत निघालेल्या एका साहेबानं पंतांना जाताना गिनीपिगांची जोडी देऊन टाकली होती. उंदराहून मोठी, सशाहून लहान, शेपटी मुळीच नाही, अशी ती जनावरं. मादीचं नाव विमलाबाईनं ठकी ठेवलं आणि नराचं, देणाऱ्याची आठवण म्हणून, साहेब. ठकी फुगत चालली तेव्हा पंत म्हणाले होते, फार खाते. आता तिच्या कुशीत तीन पिल्लं होती.

रखमाबाईचा पारा चढला. "मी माणसांची सुईण आहे, पंत. उद्या मांजरीला बोलवाल!"

पण विमलाबाईनं तिचा हात धरला. "रखमाबाई, हिचं नीट पार पडलं तर माझंही पडेल, असं मी मनात धरलंय. वेडेपणा आहे, कळतंय मला. पण हिला काही झालं तर मला धीर उरणार नाही."

रखमाबाईनं पदर खोचला आणि खोक्यात डोकावली. डोकावली ती बघतच राहिली. पिल्लांच्या अंगावर दाट केस, डोळे टक्क उघडे, आणि एक तर चक्क पळत होतं.

"अगं बाई! ही पोरं तर शाळेत जायच्या तयारीनंच आलीत!"

एवढ्यात साहेब गुरगुरत ठकीच्या मागं घोटाळायला लागला. रखमाबाई कडाडली, "या गृहस्थाला काही लाज? पोरांची अंगं अजून वाळली नाहीत आणि हा आला! साहेबाला आधी बाहेर काढा! टोपलीखाली कोंडा साहेबाला!"

हे ओरडणं रस्त्यापर्यंत गेलं. पंतांची नोकरी सरकारी नसली तरी गोऱ्यांच्या हाताखालची. त्यांनी धावत जाऊन आधी दिंडीचं दार लावलं आणि मग साहेबाला टोपलीखाली घातलं. एवढं एक काम मात्र रखमाबाईनं अगदी योग्य केलं. या जातीची मादी बाळंत होते त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते, हे तिला ठाऊक नव्हतं, पण नवऱ्याला बाळंतिणीपासून लांब ठेवायचं हे पक्कं ठाऊक होतं.

बाकीचं सगळं तिनं आपल्या रिवाजानं केलं. खोकं आतल्या खोलीत नेलं. खिडकी लावली, पोतं पांघरलं, शेजारी शेगडी ठेवली. रोजचं गवत काढून टाकलं, पाण्याची वाटी उचलली आणि तूप सोडलेली अळिवाची खीर ठकीपुढं ठेवली. ठकीनं हुंगून तोंड फिरवलं. "खाईल, खाईल. पहिलटकरणी नखरे करतातच," असं म्हणून रखमाबाई घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा ठकी आडवी पडली होती. डोळे निस्तेज, कुशी भात्यासारख्या हलत होत्या. पिल्लं लुचत होती आणि ती त्यांना झटकतही नव्हती. खीर तशीच. विमलाबाई भिंतीला टेकून बसलेली, तिनंही कालपासून काही खाल्लं नव्हतं. "जाणार ना ही?" एवढंच तिनं विचारलं.

रखमाबाईला भीती वाटली. ठकीसाठी नाही, या पोरीसाठी. घाबरलेली बाई बाळंतपणाला कशी जाते, ते तिनं पाहिलं होतं. निखारे वाढवावेत म्हणून ती खाली बसली आणि हातातली पिशवी तिनं जमिनीवर ठेवली. पिशवीत घरच्या आमटीसाठी घेतलेली कोथिंबीर होती.

एक पिल्लू खोक्याच्या फटीतून निसटून पिशवीपाशी आलं. कालचं जन्मलेलं पोर, आणि कोथिंबिरीची काडी कुरकुर चावायला लागलं! त्या वासानं ठकीनं मान उचलली. सरपटत, थांबत, ती खोक्याच्या कडेशी आली. रखमाबाईनं सवयीनं जुडी झटकन मागं ओढली. "बाळंतिणीला पाला नाही!"

ठकीनं शीळ घातल्यासारखा आवाज काढला. बारीक, लांब, हट्टी.

रखमाबाईचा हात तसाच राहिला. जुडी धरून ती त्या जनावराकडं बघत बसली. मग तिनं जुडी सोडली.

ठकीनं ती आधाशासारखी खाल्ली. रखमाबाईनं शेगडी बाहेर सारली, पोतं फेकलं, खिडकी उघडली आणि वाटीत पाणी ओतलं. ठकी वाटीत तोंड घालून पीत राहिली, पीतच राहिली. संध्याकाळपर्यंत ती उभी राहून तीनही पिल्लांना पाजत होती आणि विमलाबाई हसत हसत पिठलं-भात जेवत होती.

"विलायती बाळंतीण, तिची रीतही विलायती," रखमाबाईनं गल्लीत सांगितलं. गल्लीला ते पटलं. पुढं रोज येताना ती शहाडकडच्या गवतवालीकडून कोवळं गवत आणू लागली आणि पिल्लांना कुणी उगाच हाताळलं की खेकसू लागली. पण घरी चुलीपुढं बसली की तिला त्या सगळ्याजणी आठवत, ज्यांनी तिच्याकडं पाणी मागितलं होतं. आठवण काही केल्या जाईना. तिला फार वाईट वाटे आणि मग उगाचच सुनेवर राग निघे.

ज्येष्ठाच्या अखेरीस विमलाबाई बाळंत झाली. मुलगी झाली, नीट झाली. रखमाबाईनं बाळाला न्हाऊ घातलं, दार लावलं, खिडकी लावली, बाजेखाली शेगडी सरकवली. खोली भट्टीसारखी तापली. विमलाबाईनं तक्रार केली नाही. रीत तिलाही माहीत होती. ती नुसती कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत पडून राहिली.

रखमाबाई निखारे फुंकायला वाकली. तिनं एकदा बाजेकडं पाहिलं. मग उठली आणि खिडकी सताड उघडली. शेगडी ओट्यावर नेऊन ठेवली. उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या भरून आणला आणि विमलाबाईच्या मानेखाली हात घालून तिच्या तोंडाला लावला.

बाळ बघायला आलेली शेजारीण दारातच थबकली. "अहो रखमाबाई! बाळंतिणीला पाणी? तांब्याभर?"

"तहान लागलीय तिला," रखमाबाई म्हणाली आणि रिकामा तांब्या शेजारणीच्या हातात दिला. "उभ्या का राहिलात? आणखी आणा."